पहिल्या हाकेला

ऐका. ए, तो मोबाईलचा उजेड बंद कर आधी. भुताची गोष्ट पाहिजे आणि तोंडावर उजेडही पाहिजे, दोन्ही मिळत नसतं. आणि तू रं शहाण्या, हसू नको. हसायचं असेल तर जळक्या खिंडीतून एक चक्कर मारून ये, मग हस. जातोस? बस मग खाली.

तर आपल्या गावाची रीत कशी होती? रातच्याला दारात हाक आली तर ओ द्यायची नाही. दुसरी आली तरी गप पडायचं. तिसरी आली तरच कडी काढायची. का? तर भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याच्या घशातून निघत नाही. अख्खं गाव असंच वागायचं. एक घर सोडून! हैबती नलवड्याचं.

हैबती पलटणीतला हवालदार. सरहद्दीवर सुरुंगावर पाय पडला, गुडघ्याखाली सगळं गेलं. लष्करानं लाकडाचा पाय दिला, पेन्शन दिली, म्हणाले घरी बसा. बसतोय कुठला! कुणाला इंचू चावला, हैबती. कुणाची म्हैस विहिरीत पडली, हैबती. पहाटे पोरांना माळावर पळवायचा, मागं राहील त्याला आईमाईवरून शिव्या. त्यातली किती पोरं भरती झाली, विचारा घरी. आणि रातच्याला कुणीही हाक मारो, पहिल्या हाकेला आतून "ओ!" मी म्हणायचो, "नाना, एक दिस भूत हाक मारंल तुमास्नी." तर म्हणायचा, "भूत असलं तर तंबाखू दीन, जाईल. पर माणूस असलं तर?"

आता पुढं ऐका.

त्या रात्री माझी बायको अडली. शेवंता. पहिलटकरीण. सुईणीनं हात धुतले आणि तोंडावर सांगितलं, "आता माझ्या हातात न्हाई. पेठंतली नर्सबाई आण, न्हाईतर दोघंबी जात्यात." गाडीवाटेला मोठा फेरा. तिकडून जाऊन येईस्तोवर उजाडलं असतं. जवळची वाट एकच. जळकी खिंड! मी हैबतीच्या दारात गेलो. एकच हाक मारली बघा. एकच! आतून "ओ!" आणि पायाचे पट्टे आवळतच गडी बाहेर.

निघालो. पुढं तो, मागं कंदील घेऊन मी. ठक, ठक, ठक. लाकूड दगडावर वाजतंय. लाकडाच्या पायानं तो पुढं पळतोय, आणि मी धडधाकट, मलाच धाप!

खिंडीत शिरलो मात्र, आणि हाक आली.

"हवालदाऽऽर!"

बाईचा आवाज! मी त्याचा सदरा धरला. "नाना, ओ देऊ नका, पाया पडतो!"

"ओ! कोण हाय?"

दिली की ओ! खिंडीत, ऐन अवसेला! फट्दिशी कंदील विझला. वारा नाही, काही नाही. विझला!

मग लागला चकवा. वीज पडून जळालेला तो आंबा, ज्याच्यावरून खिंडीला नाव पडलं, तो मागं टाकला. चाललो. तर आंबा पुढं! पुन्हा मागं टाकला. पुन्हा पुढं! मी रडायला लागलो. तिकडं बायको मरतेय आणि इथं आम्ही घाण्याच्या बैलावानी फिरतोय. हैबती थांबला. म्हणाला, "वाटंकडं बघू नको. वाट खोटं बोलतीया. वर बघ. त्यो ध्रुव. त्यो कुणाच्या बापाला हलवता येत न्हाई." माना वर करून चाललो. ठेचा खाल्ल्या, अंगठा फुटला, पण आंबा मागं पडला!

तर करवंदीच्या जाळीतून शेवंताचा आवाज. हुबेहूब! "अहो, मी हितं हाय. पोरगी झाली. घ्या की हातात." आणि पोर रडतंय! खरंखुरं रडतंय! मी वळलोच. खाडकन मुस्काटात बसली माझ्या. "तुझी बायकू घरात हाय, भाड्या! चल!"

आणि मग ती स्वतः आली.

मोकळे केस. हिरवं लुगडं. पावलं उलटी! मी ओळखली तिला. गावातलीच लेक, बाळंतपणाला माहेरी येत होती, खिंडीतच कळा सुरू झाल्या. तिनं हाक मारली. गावानं ऐकली. दुसरी मारली. तीही ऐकली. आणि गाव कडीला हात लावून तिसरीची वाट बघत बसलं. तिसरी आलीच नाही.

तिनं वाकून हैबतीचा पाय धरला. "दोनदा हाक मारली. कुनी आलं न्हाई."

हैबतीचा आवाज मऊ झाला. "मी तवा सरहद्दीवर हुतो, बाई. हितं असतो तर आलो असतो. आत्ता एक अडलीया तुझ्यावानीच. सोड मला."

"आता तू हितंच ऱ्हा."

आणि ओढला की तिनं त्याला जाळीत! मी बगलेत हात घालून इकडं ओढतोय, ती तिकडं. माझे हात सुटायला लागले. मेला हैबती! म्हटलं, संपलं! तेवढ्यात त्यानं गुडघ्यापाशी हात घातला. पट्टे सोडले. फाटदिशी!

"घे! ठिव तुला!"

लाकूड तिच्या हातात, आणि आम्ही दोघं धडपडत, गडगडत, पार पेठेच्या उताराला! माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडी घालत त्यानं नर्सबाईचं दार गाठलं. ती घाबरली. "अहो, पाय कुठंय?"

"खिंडीत ठेवलाय. तुम्ही पिशवी घ्या आधी."

बैलगाडी जुंपली, लांबच्या वाटेनं पळवली. तांबडं फुटायच्या आत शेवंता सुटली. ती पोर कुठंय? ही काय, शेकोटीत काटक्या घालतेय, तुमची हौसामावशी. विचारा तिला.

पाय? दिवसाउजेडी सगळं गाव हुडकायला गेलं. नाही मिळाला. पण अवसेला माळावर उभं राहा. खिंडीतून ऐकू येतं. ठक. ठक. ठक. गावाकडं तोंड करून कुणीतरी चालत असतं.

म्हणून सांगतो, काही झालं तरी त्या खिंडीत पाऊल टाकायचं नाही. फेरा पडू दे. हैबती? त्याला नवा पाय मिळाला आणि त्याच महिन्यात कुणीतरी हाक मारली. पहिल्याच हाकेला गेला. मरेस्तोवर जात राहिला, बेणं.

थांबा. गप. ऐकलंत का? खालच्या आळीतून कुणाची तरी हाक आली.

माझ्या तोंडाकडं काय बघताय? पहिली झाली की! उठा!