नाटकातलं कुंकू

सीमेवर लढाई पेटली होती त्या आठवड्यात मी हदगावहून नांदेडच्या एसटीत बसले. नामस्मरणाला डोळे मिटले, पण पुढच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या. सून कॉलेजच्या नाटकाला निघाली होती.

"आरती, कुंकू पुसायचं न्हाई म्हंजे न्हाई. माझा लेक तिकडं सीमेवर हाय."

"मामी, नाटकात मी जवानाची बायको हाय. तो शहीद होतो, मग पुसावंच लागतंय."

"त्याला जखमी करा की. दवाखान्यात ठेवा."

"सरांनी लिहिलंय. मी कसं वाचवू त्याला?"

"मग उज्वलाला द्या तुझं काम. तिचं लगीन कुठं झालंय?"

"तिला रडायचं म्हटलं की हसू येतंय."

"आन तुला लई रडता येतं!"

"थांबा, फोन वाजायलाय. ह्यांचाच हाय! तीन दिवसांनी… हॅलो? हाव, बऱ्या हायेत मामी. भांडून राहिल्या माझ्यासंगं, नाटकातल्या कुंकवावरून… काय?… बरं."

"काय म्हणला आदिनाथ?"

"म्हणले, खुशाल पूस. पण नीट रड, मला सोडायला आलीस तवा स्टेशनवर हसत होतीस."

"दे इकडं फोन. आदिनाथ, हसत न्हवती रे ती. गाडी हलल्यावर माझा पदर भिजवला तिनं… हाव… जपून ऱ्हा बाबा. ठेव."

"मामी, मग पुसू?"

"पूस. पर मी करंडा घेऊन पडद्यामागंच उभी राहते. पडदा पडला की टाळ्या ऐकत थांबायचं न्हाई, आधी माझ्यापुढं कपाळ करायचं."