आत्यानं मंजूर करून दिलेला विषय

खोटं वाटंल तुम्हाला, पण माझ्या थिसिसचा विषय आत्यानं मंजूर करून दिला. मी डेंटल कॉलेजातल्या माझ्या गाइड सरांना म्हणलं, "पेशंट दाताच्या इम्प्लांटला कशामुळं नको म्हणतात, यावर करतो."

सर म्हणाले, "नीट समजावलं की कुणी नको म्हणत नाही. दुसरा विषय आण."

तेवढ्यात जिंतूरची माझी आत्या दाढ पडली म्हणून दाखवायला आली. सरांनी तिलाच समोर बसवलं. जबड्याच्या हाडात स्क्रू कसा बसतो, दात कसा पक्का राहतो, अर्धा तास समजावलं. आत्यानं शांतपणे ऐकलं अन् म्हणाली, "समदं पटलं, साहेब. मग तुमचा सोताचा दात काढाय-घालायचा कामून हाय? बोलताना त्याची तार दिसायलीय."

सरांनी तोंड मिटलं, माझ्या कागदावर सही केली अन् हळूच म्हणाले, "पेशंटच्या यादीत माझं नाव टाकू नको."