उजेडाच्या पाण्याला कुंकू

…नाही, पण मला एक सांगा, 'अजून किती वर्षं?' हा प्रश्न माणसानं माणसाला विचारावा का? कैद्याला नाही विचारत हो कुणी असं! त्याचं कागदावर तरी लिहिलेलं असतं. मला मात्र जो भेटतो तो विचारतो. लोणावळा स्टेशनबाहेरचा चिक्कीवाला विचारतो, औंढ्याला जाताना रिक्षावाला विचारतो, परवा तर एक पर्यटक पत्ता विचारायला थांबला, मी पत्ता सांगेपर्यंत त्यानं माझी पीएचडी कशात आहे ते काढून घेतलं आणि काच वर करता करता म्हणाला, 'अच्छा, मग अजून किती?' अहो, तुम्हाला भुशी डॅमला जायचंय ना, जा की सरळ!

तर मी ओंकार. गाव औंढे, लोणावळ्याच्या पलीकडं. पीएचडी पुण्यात, एका संस्थेत, आणि विषय… आता इथं लोक उठून चहाला जातात, पण तुम्ही बसा, सोपा आहे. सलूनमध्ये बसलाय ना कधी? पुढं आरसा, मागं आरसा, मध्ये तुम्ही, आणि एकामागं एक शंभर तुम्ही दिसता, सगळ्यांच्या तोंडाला साबण! आमचं तेच आहे. नखाएवढी चकती, तिच्यात दोन आरसे समोरासमोर, इतके जवळ की मध्ये केससुद्धा जायचा नाही, आणि त्यांच्या मध्ये कोंडायचा उजेड. कोंडलेला उजेड काय करणार? इकडून तिकडं आपटतो, तिकडून इकडं आपटतो, आणि मध्ये अर्धवाहकाचा जो पापुद्रा असतो, त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या गळ्यात पडतो. मग तो धड उजेड राहत नाही की धड पदार्थ राहत नाही. त्याला म्हणतात पोलॅरिटॉन. हे पोलॅरिटॉन पुष्कळ जमले, हीलियम वापरून मरणाचे गार केले, की सगळे मिळून एका अंगानं वाहायला लागतात, पाण्यासारखे! वाटेत खडा आला तर भोवरा नाही, फेस नाही, खळखळ नाही, कशालाही न अडता आपले चाललेत पुढं. उजेड वाहतोय, तुम्हाला सांगतो, झकास वाहतोय. अडलंय ते माझं घोडं!

का अडलंय? तर ह्या प्रत्येक पोलॅरिटॉनला एक फिरकी असते. उजवी नाहीतर डावी. सगळे जमले की सगळे मिळून एक बाजू धरतात, पण कुठली धरणार ते आधी सांगत नाहीत. आत्ता उजवी धरली म्हणून तुम्ही खूश होऊन वहीत लिहायला जाता, पुन्हा करून बघता, तर डावी! पुन्हा उजवी, मग दोनदा डावी. आमच्या भावकीचं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत असतं ना, अगदी तसं. आणि माझी पीएचडी म्हणजे एवढंच, की ह्या लोकांनी एक बाजू धरावी आणि धरून ठेवावी. पाच वर्षं झाली हो. पाच वर्षं मी उजेडाला विनवतोय की बाबा, कुठली तरी एक धर. आणि आमचे सर, म्हणजे माझे गाईड, रोज येऊन पडद्यावर बघतात आणि म्हणतात, 'हं.' त्या पडद्याबद्दल 'हं' सोडून दुसरं अक्षर मी त्यांच्या तोंडून दसऱ्यापर्यंत ऐकलं नव्हतं.

घरी काय सांगणार? आईला म्हटलं, आई, मी उजेडाचं पाणी करतो. मुक्ताबाई तिचं नाव, आणि तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. गावभर झालं की ओंक्या उजेडाचं पाणी करतो! लगेच शेजारचे रखमाजी आबा काठी टेकत आले, ओट्यावर बसले, आणि मला विचारतात, 'त्ये समदं ऱ्हाऊं दे, मोटार किती एचपीची लागंल तेवढं सांग.' मी म्हटलं, आबा, ते प्यायचं पाणी नाही. 'आमी कुटं पितो म्हंतोय, भाताला सोडू!'

आणि धाकटा भाऊ सत्यम, त्याचं वेगळंच. बारावीला दोनदा बसला, मग म्हणाला शिक्षण आपल्याला मानवत नाही, आणि वरच्या भातखाचरात बंगला बांधला, त्याच्यासमोर निळा स्विमिंग पूल काढला, शनिवार-रविवार मुंबईची माणसं त्यात चड्डीवर तरंगत असतात, आणि सत्यम बोलेरोतून फिरतो. वाईट नाही हो तो. जीव लावतो मला. म्हणूनच तर त्रास! माझी फेलोशिप मार्चमध्ये संपते, आणि त्यानं ठरवून टाकलंय की तोवर प्रबंध झाला तर झाला, नाहीतर दादानं घरी यायचं आणि बंगला सांभाळायचा. माझ्या मापाचा टीशर्टसुद्धा छापून ठेवलाय, छातीवर 'केअरटेकर'. म्हणजे मार्चच्या आत त्या उजेडानं एक बाजू धरली नाही, तर मी आयुष्यभर लोकांना टॉवेल देणार. आणि तिकडं उजेड वाहतोय, मस्त वाहतोय. अडलंय ते माझं घोडं!

आता खंडेनवमी. आमच्याकडं खंडेनवमीला औजाराची पूजा असते, तुमच्याकडंही असेल. विळा, कोयता, खुरपं, मोटार, ट्रॅक्टर, सगळं धुऊनपुसून हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि त्या दिवशी औजार हातात धरायचं नाही. आमच्या लॅबमध्येही करतात. सरांचा विश्वास नाही, काडीचा नाही, ते दरवर्षी सांगतात की माझा विश्वास नाही, आणि सांगून झालं की म्हणतात, 'पण लेझरला फूल चुकवू नका.' कारण लेझर महागाचं आहे आणि उगाच विषाची परीक्षा कोण घेणार. त्यामुळं सगळं बंद ठेवायचं, सगळं पुसायचं, आणि ती चकतीसुद्धा गारठ्यातून बाहेर काढून डबीत ठेवायची. एकच चकती हो! सरांच्या परदेशातल्या मित्रानं वाढवून दिलेली, बाकी नुसते चार बारीक तुकडे, अडीनडीला ठेवलेले.

ह्या वेळी आई म्हणाली, मी येते. 'पाच वर्सं लेक कशापुढं बसतोय त्ये तरी बघू दे.' मी नको म्हणणार होतो, पण ती आधीच वावरातला झेंडू पाटीत भरून, नवं लुगडं नेसून उभी होती. आणली. लॅबमधल्या सगळ्यांना तिनं नावानिशी विचारलं, कोण कुठलं, जेवता का वेळेवर. मग पूजा. पंपाला कुंकू, कॉम्प्रेसरला कुंकू, टेबलाला कुंकू, लेझरला सर स्वतः उभे राहून सांगतात, 'झाकणावर बरं का मावशी, भिंगावर नाही.' सगळं झालं. आणि मग ही कमरेवर हात ठेवून मला विचारते, 'हे समदं भांडीकुंडी झालं. औजार कुटंय?'

आता तुम्ही सांगा, पाच वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला होता? मला भरून आलं हो, खोटं कशाला बोलू. मी डबी काढली, उघडली, म्हटलं, आई, हे. ह्याच्या आत उजेड वाहतो. ती वाकून बघत होती, आणि तेवढ्यात सत्यमचा फोन. 'दादा, पूल हिरवा झालाय, उद्या पार्टी आहे, तू पाण्यावरच शिकतोस ना, काय टाकू?' मी पाठ फिरवून त्याला सांगतोय की बाबा, माझं पाणी वेगळं, ते हिरवं होत नाही, आणि फोन ठेवून वळतो तो काय… आईनं अनामिका हळदीत बुडवून, कुंकवात बुडवून, चकतीच्या मधोमध टिळा लावलेला, आणि वर अक्षता! म्हणते, 'लय बारकं हाय रं, नीट टेकंना, म्हून वाईच दाबलं.'

वाईच दाबलं! जिला आम्ही चिमट्यानं धरताना श्वाससुद्धा आवरून घेतो तिला! सर दारात प्रसाद खात होते. मी डबी मिटली, खिशात घातली, आणि सरांचं लक्ष जाऊ नये म्हणून वाकून आईच्या पाया पडलो. तिनं आशीर्वाद दिला. म्हणाली, 'आता व्हतंय बग तुजं.'

तिला एसटीत बसवलं आणि परत येऊन चकती धुतली. ॲसिटोननं धुतली, मेथॅनॉलनं धुतली, सगळ्यानं धुतली. कुंकू गेलं. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर जिथं बोट टेकलं तिथं केसाएवढी चीर, आणि भोवतीचा पापुद्रा दबलेला. संपलं. मी म्हटलं, ओंकार, टीशर्टची सवय कर. दसरा झाला, चकती गप्प आत बसवली, गार केली, लेझर सोडलं, म्हटलं शेवटचं दर्शन घ्यावं. उजेड जमला, त्या चिरेपाशी आला, वाहिला. फिरकी? डावी. पुन्हा केलं. डावी. मी खुर्ची सरकवून बसलो. डावी, डावी, डावी! दिवसभर करतोय, दुसऱ्या दिवशी करतोय, पठ्ठ्यानं एकदाही बाजू बदलली नाही. सर आले, पडद्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, 'वा.' तुम्हाला सांगतो, मी रडलो. सर म्हणाले, वेगळं काय केलंस? म्हटलं, सर, आईनं कुंकू लावलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग हळूच म्हणाले, 'कुंकवानं नाही. दाबानं.' बोटाचा दाब त्या जागी पडला, पापुद्रा तिथं एका अंगाला ताणला गेला, आणि त्या ताणानं फिरकीला बाजू धरायला लावली. शास्त्र आहे ते, चमत्कार नाही. लेख लिहिला, पाठवला. उत्तर आलं: उत्तम, पण एका चकतीवर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या तुकड्यावर करून दाखवा. आणि त्याच आठवड्यात आमची ती पहिली चकती गार-गरम गार-गरम होऊन चिरेवर दुभंगली. पुरावा गेला! उजेड वाहिला होता हो, एका बाजूनं वाहिला होता. अडलंय ते माझं घोडं!

मग सरांनी दाबायचं यंत्र करवून घेतलं. सुईसारखं टोक, मोजून दाब. पहिला तुकडा, कट्कन मोडला. दुसरा तुकडा, कट. टोकाला रबर लावलं, तिसरा तुकडा, फिरकी पुन्हा भावकीसारखी, आत्ता इकडं आत्ता तिकडं. मी माझं बोट लावून बघितलं, काही नाही. सरांनी त्यांचं लावलं, तुकडा मोडला, त्याचं मला काही वाटलं नाही, सरांनाच वाटलं, दोन दिवस जेवले नाहीत. आता उरलाय एक तुकडा. एक! आणि फेब्रुवारी निम्मा गेला.

परवा सर मला केबिनमध्ये बोलावतात, दार लावून घेतात, आणि ज्यांचा काडीचा विश्वास नाही ते सर मला म्हणतात, 'ओंकार, मावशींना फोन लाव.' मी लावला. स्पीकरवर ठेवला. सर म्हणाले, 'मावशी, नमस्कार. तुम्ही त्या दिवशी जसं बोट लावलं होतं ना, अगदी तसंच पुन्हा एकदा लावायचंय. हळदकुंकवासकट. उद्या गाडी पाठवतो.'

आई म्हणाली, 'सर, तुमी येवढी शिकलेली मानसं. औजाराची पूजा कवाबी करत्यात व्हय? ती खंडेनवमीला.'

सरांनी समजावलं. मी समजावलं. म्हटलं आई, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, मार्चमध्ये सगळं संपतंय, नुसतं बोट टेकव. तर म्हणते, 'आरं, तुज्या आयुष्याचा हाय म्हूनच म्हंते. आवेळी लावलं आन् तुजं वाईट झालं, तर मी कुणाकडं बगू?' मायेनं आडवी आली हो. रागानं आली असती तर भांडलो असतो.

सर कॅलेंडरकडं वळले. एक एक पान उलटत ऑक्टोबरपर्यंत गेले. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ दे. पण नाही. पेन काढलं, तारखेला गोल केला, आणि फोनकडं तोंड करून म्हणाले, 'ठीक आहे मावशी. खंडेनवमीला. आम्ही थांबतो.'

थांबतो! पाच वर्षं मला एक दिवस थांबू न देणारे सर! मी म्हटलं, सर, पण ऑक्टोबरला माझी फेलोशिप नसेल, माझं ओळखपत्रसुद्धा चालणार नाही, मी आत कसा येणार?

सर म्हणाले, 'हो, ते आहे. मग असं कर, मावशींना सत्यमबरोबर पाठव.'

मी म्हटलं, बरं सर.