एमेट, पिंजरा परत बसव

अध्यक्ष हॉलिस ब्रँडसाहेब, शेजारी बसलेले पाद्रीसाहेब, परीक्षक मंडळी, जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या क्लबातल्या बंधूभगिनींनो, आणि आज ज्याच्या कामाचा शेवटचा आठवडा संपतोय तो एमेट प्रुइट,

अध्यक्ष म्हणाले, व्हर्ना, आज तरी गोड बोल. बघते. एका जागी उभं राहणं मला जमत नाही, तेवढं चालवून घ्या.

एमेटनं ओहायोतल्या अर्ध्या गाड्यांचा गंज काढला. जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशी करून देणं, हा त्याचा धंदा. काम कसं? कारखान्यात रंगाचा ओघळ राहिला असेल, तर हा माणूस तसाच ओघळ मुद्दाम सोडतो. मी म्हटलं, पूस तो. म्हणाला, "पुसला तर ती तुझी गाडी झाली, कारखान्याची नाही." अशा माणसाशी काय वाद घालायचा?

आमची गाडी माझ्या नवऱ्याची, रॉइसची. सरळ धावपट्टीवरच्या शर्यतीसाठी त्यानं ती कापूनकुपून बदलली. मागं रुंद चाकं, बॉनेटला भोक, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. एकदा पट्टीच्या टोकाला ती उलटली. छत दबलं, ते पिंजऱ्याशी येऊन थांबलं. रॉइस रांगत बाहेर आला आणि मला विचारतो, कॉफी आहे का! पुढं तो गेला तो हृदयविकारानं, घरात, अंथरुणावर. पण मला रात्री दिसते ती उलटलेली गाडीच.

आता पोरीला, टेसाला, तीच पट्टी हवी. ती बघा, शेवटच्या रांगेत बसलीय, माझ्याशी अबोला धरून. म्हणून मी एमेटला सांगितलं, गाडी कारखान्यातून आली तशी कर. त्यानं विचारलं, "पिंजरापण?" मी म्हटलं, तोच आधी काढ. पिंजरा नाही म्हटल्यावर पट्टीवाले पोरीला फाटकातूनच परत पाठवतील, असा माझा हिशेब.

हुबेहूब कारखान्यातली म्हणून गाडीला पहिल्या नंबरचा चषक मिळाला. तुम्ही टाळ्या वाजवल्या. आणि आज इथं, बटाट्याची भाजी वाढून घेताना, टेसाची मैत्रीण सांगते की शनिवारच्या शर्यतीत टेसाचं नाव लागलंय. पिंजऱ्याची सक्ती फार वेगवान गाड्यांना. कारखान्याच्या गाडीला हेल्मेट पुरतं.

म्हणजे पट्टी उघडीच राहिली. छत अडवणारी एकच वस्तू होती, ती मी उपटून घेतली.

मी एमेटला गाठलं. तुला ठाऊक होतं?

"होतं."

मग बोलला का नाहीस?

"व्हर्ना, तू मला बोलू कधी दिलंस?"

हसा, हसा. खरंच आहे ते.

तर परीक्षकहो, हा चषक ठेवा तुमच्याकडं. एमेट, तुझी निवृत्ती थोडी लांबणीवर. नवे पाइप आण, गाडीच्या तळाला भोकं पाड, वेल्डिंगनं तुझा लाडका रंग जळाला तर जळू दे. टेसा, हा शनिवार सोड. पिंजरा बसला की किल्ली तुझी. मी फाटकाशी उभी राहीन. डोळे उघडे ठेवीन की नाही, ते विचारू नकोस.

भाजी, ॲपल-पाय, कॉफी करणाऱ्या बायांचे आभार. एमेट, तुझे तर फारच. बोलण्यात कुणाला लागलं असेल, तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला. निरोप मात्र आज देत नाही. पिंजरा बसला की देईन.