सर्व्हरला फुटलेली पानं

यशवंत : त्या खोलीत सर्व्हर आहे म्हणालात ना, जावईबापू? ऑफिसचा सर्व्हर? मग सर्व्हरला पानं कधीपासून फुटायला लागली?

सुधीर : बाबा... तुम्ही अडगळीच्या खोलीत कशाला गेलात?

यशवंत : छत्री शोधायला. छत्री नाही मिळाली, गांजा मिळाला. काळ्या तंबूत तीन झाडं, कमरेएवढी! तीस वर्षं एक्साइजमध्ये काढली मी. शिरपूरच्या डोंगरात तुरीच्या आड लपवलेला गांजा हुडकून काढायचो. आणि आता रिटायर होऊन इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला आलो, तर जावयाच्याच घरात!

सुधीर : इथे कायदेशीर आहे बाबा. माणशी तीन झाडं. गेनाऊ, म्हणजे मोजून तीनच लावलीत.

यशवंत : मला कायदा शिकवू नका, मी पेपर वाचतो. कायदेशीर आहे, तर सर्व्हर कशाला म्हणालात?

सुधीर : ऊर्मिला म्हणाली, बाबा चार वर्षांनी येतायत, उगाच त्यांना...

यशवंत : उगाच त्यांना सांगू नका. बरोबर! लग्नसुद्धा असंच केलंत. इथल्या ऑफिसात सह्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी फोन, 'बाबा, काल लग्न केलं.' मी आंब्याची पेटी उतरवत होतो. पायावर पडली पेटी! चार वर्षं बोललो नाही पोरीशी. शोभनाच्या हट्टापायी आलो, तर पुन्हा तेच. शोभना, अगं बॅग काढ. उद्याच निघायचं.

शोभना : काढते. आधी पोहे खाऊन घ्या. रिकाम्या पोटी रागावलात की पित्त होतं तुम्हाला.

सुधीर : बाबा, प्लीज. अर्ध्या तासात ऊर्मिला येईल. बॅग बघितली तर मोडून पडेल ती. पाच आठवड्यांत तुम्ही तिच्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोलला नाहीत, तरी ती किती खूश आहे बघताय ना? सकाळी गाणं गुणगुणत डबा भरते. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकतोय मी.

यशवंत : विषय बदलू नका. ओढता तुम्ही?

सुधीर : दोनदाच. दोन्ही वेळा नुसता खोकला आला.

यशवंत : मग लावलीत कशाला?

सुधीर : ऑफिसात सगळे लावतात म्हणून. आणि मग... आल्झो... म्हणजे, खरं सांगू? मला त्या लायटिंगचंच वेड लागलं. पहिला दिवा घेतला, तो मिणमिणता निघाला. दुसरा घेतला, त्यानं पानं करपली. तिसरा एलईडी घेतला, उंची वर-खाली करता येते. एक्सेल शीट केलंय. दाखवू?

यशवंत : नको.

सुधीर : हे बघा. झाडं लहान होती तेव्हा अठरा तास उजेड, सहा तास अंधार. म्हणजे वाढ होते. मग फुलांसाठी बारा-बारा. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी टायमर बदलला. पहाटे पाच ते संध्याकाळी पाच उजेड, पुढे अंधार. दोन-तीन आठवड्यांत फुलं दिसायला हवीत. पाच झाले, एक कळी नाही! ऑफिसात रोज कॉफीच्या वेळी विचारतात, आला का फुलोरा? मी म्हणतो, येतोय, येतोय. लाज वाटते हो.

शोभना : अगंबाई, एवढं मनाला लावून घेतलंत?

यशवंत : तू थांब. जावईबापू, तीन दिवे बदलून काय उपयोग? गांजाला फूल उजेडानं नाही येत, अंधारानं येतं. दसऱ्याच्या पुढे रात्र मोठी झाली की फुलोरा धरतो. एकदा धाड घातली होती आम्ही. अख्खं शेत फुलोऱ्यावर, आणि पंपाच्या खोलीजवळची ओळ बघावी तर नुसती पानं. का? तिथे रात्रभर बल्ब जळायचा. तुमच्या खोलीत पाणी कुठेतरी मुरतंय. उजेड शिरतोय कुठून तरी.

सुधीर : शक्यच नाही. तंबूला चेन आहे, खोलीला खिडकी नाही, दाराखाली पट्टी ठोकलीय. मी स्वतः आत बसून बघितलंय.

शोभना : काळोखात? झाडांबरोबर?

सुधीर : वीस मिनिटं. तुम्ही सगळे झोपल्यावर.

यशवंत : मग बाहेरचा नाही, घरातलाच आहे कोणीतरी. टायमर बदलून किती आठवडे झाले म्हणालात?

सुधीर : पाच.

यशवंत : आणि आम्ही येऊन?

सुधीर : पाच.

यशवंत : शोभना, संध्याकाळी सात वाजता तू काय करतेस?

शोभना : आता माझी उलटतपासणी का? दिवेलागण करते. देवापाशी निरांजन, आणि प्रत्येक खोलीत दिवा. तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवू नये.

सुधीर : आई... प्रत्येक खोलीत?

शोभना : हो तर. अडगळीची खोली काय घराबाहेर आहे? तिथला बल्ब लावते आणि तंबूची चेन उघडते. बिचारी झाडं काळोखात कोंडलेली, तीही लक्ष्मी यायच्या वेळेला! झोपायला जाताना चेन लावते परत, बल्ब बंद करते. सुधीररावांना शिस्त लागते ना.

सुधीर : तीन दिवे! तीन दिवे बदलले मी, आई!

यशवंत : काखेत कळसा अन् गावाला वळसा! अगं, ती कसली झाडं आहेत हे तुला कळलं नाही?

शोभना : कळलं की, पहिल्याच दिवशी. तीस वर्षं तुमच्या जप्तीचे फोटो बघतेय. म्हटलं, जावयाची हौस असेल. कोणी विचारलं नाही, मी बोलले नाही.

यशवंत : म्हणजे घरात मला एकट्यालाच माहीत नव्हतं.

शोभना : तुम्हाला सांगायचं म्हणजे कोण घाबरत नाही हो? मीसुद्धा घाबरते. एकोणचाळीस वर्षं झाली, अजून कुकर करपला की आधी खिडक्या उघडते.

सुधीर : बाबा, मलाही एक सांगायचंय. लग्नाचं. ऊर्मिला तुम्हाला आधी सांगणार होती. फोन हातात घेऊन बसली होती. मी लावू दिला नाही. तुम्ही नको म्हणालात, तर तिनं लग्न केलं नसतं, हे मला माहीत होतं. माझी छातीच झाली नाही.

यशवंत : तुम्ही लावू दिला नाहीत?

सुधीर : नाही. आणि हे तिनं तुम्हाला कधी कळू दिलं नाही. म्हणाली, राग माझ्यावरच राहू दे, मी मुलगी आहे, तो कधीतरी उतरेल. जावयावरचा उतरायचा नाही.

यशवंत : म्हणजे चार वर्षं मी... पोरीला...

शोभना : आता सुधीररावांवर चार वर्षं राग धरू नका बाई. तेवढी आपली उरलीत की नाही, कोणास ठाऊक.

यशवंत : मी नको म्हणालोच नसतो.

सुधीर : खरंच?

यशवंत : आठ दिवस आरडाओरडा केला असता. मग मांडववाल्याला फोन केला असता. एवढंसुद्धा ओळखता आलं नाही तुम्हाला? इंजिनीअर ना तुम्ही?

सुधीर : चुकलं माझं, बाबा.

यशवंत : चुकलंच. शोभना, आजपासून पाचनंतर त्या खोलीचं दार उघडायचं नाही.

शोभना : आणि लक्ष्मी?

यशवंत : तिला म्हणावं, तेवढी एक खोली सकाळी बघून जा.

(दाराची बेल वाजते.)

शोभना : ही किल्ली विसरली वाटतं.

सुधीर : नाही, किल्ली असते तिच्याकडे. तुम्ही आल्यापासून मुद्दाम बेल वाजवते. म्हणते, आतून कोणीतरी दार उघडलं की माहेरी आल्यासारखं वाटतं.

यशवंत : रोज कोण उघडतं?

शोभना : मी. दुसरं कोण? सरका, पोह्यांचा हात धुते आणि...

यशवंत : राहू दे. मी उघडतो.