थंडीत मासे कुठे बसतात

अरे, आमचे अब्बा जानेवारीत रत्नागिरीहून इकडे आखातात माझ्याकडे आले होते ना, तेव्हाचं सांगतो. जन्म होडीवर काढलेला माणूस, जुमेरा लेक टॉवर्सच्या फ्लॅटमध्ये पार कोमेजला. दोन दिवसांत "तिकीट काढ, परत जातो" सुरू झालं. म्हणून सकाळी त्यांना खाली तलावावर नेलं. ते काठावर वाकले, तसा सिक्युरिटीवाला धावत आला.

"चाचा, मछली पकडना मना है!"

"पकडता कौन है? ठंड में मछली नीचे बैठती है. सिर्फ ढूँढता हूँ."

तोही वाकला. "किधर?"

अब्बांनी पुलाखालच्या खोल पाण्याकडे बोट दाखवलं. खरंच, तिथे थवाच होता!

दुसऱ्या दिवशी अब्बांना नाश्त्याला बोलवायला तलावावर गेलो, तर तोच सिक्युरिटीवाला माझ्यावर डाफरला, "धीरे चलो भाई, चाचा की मछली भाग जाएगी!"