पांढऱ्या कडांच्या तोफा

कप्तान : ...आणि चाकांच्या कडासुद्धा, मोत्र्या मावशी? चाकांच्या कडासुद्धा?

मोत्र्या : चुना उरला होता रे. ओतून देऊ का? ईस्टर तोंडावर आलाय. झाडांचे बुंधे रंगवले, वाटेकडेचे दगड रंगवले. रंगवत रंगवत शेतापर्यंत पोचले. मग तोफांनीच काय पाप केलं होतं?

कप्तान : अहो, त्या लपवलेल्या तोफा आहेत! म्हणजे, लपवल्यात असं दाखवायच्या तोफा आहेत. ओनिसिम काका, तुम्ही तरी सांगा ह्यांना.

ओनिसिम : लग्न झाल्यापासून मी हिला फक्त 'हो' सांगू शकलोय, बाळा. दुसरं काही तोंडातून निघतच नाही.

कप्तान : हा फोटो बघा. आज सकाळी आपल्या उपग्रहाने वरून काढलाय. हे तुमचं शेत, ह्या काकांच्या चार लाकडी तोफा.

मोत्र्या : अगंबाई! किती नीटनेटकं दिसतंय!

कप्तान : तेच तर रडणं आहे! रशियाचा उपग्रहही ह्याच वाटेने जातो. त्यालाही हेच दिसलं असणार. एवढं जाळं टाकलं, फांद्या टाकल्या, आणि भोवती पांढरी रांगोळी! लढाईतली तोफ अशी असते?

ओनिसिम : तसंही तिच्याकडे कोण बघत होतं? शेजारच्या गावात त्या रोमान्कोने सांडपाण्याच्या पाइपांची तोफ केली. पाइपांची! तिच्यावर दोनदा गोळे पडले. आणि माझी ओकच्या लाकडाची, रंधा मारून गुळगुळीत केलेली. माझ्या तोफेवर कावळा बसत नाही, घाबरतो. एक करकोचा तर तिला बघून उलटा आफ्रिकेला गेला. पण त्या रशियनांना कदर नाही.

मोत्र्या : ह्याला गोळे न पडल्याचं दुःख! ऐकलंस?

कप्तान : मावशी, दुःख मलाही आहे. खऱ्या तोफा पलीकडे ओढ्यातल्या झाडीत उभ्या आहेत. झाडांना अजून पालवी नाही, वरून सगळं उघडं. त्यांची नजर ह्या खोट्या तोफांवर खिळली नाही, तर ती हळूहळू ओढ्याकडे सरकणार. आणि ओढ्यात कोण आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मोत्र्या : ...माझा लेक आहे. माझा लेव्को.

ओनिसिम : बादली कुठंय, मोत्र्या?

मोत्र्या : मीच घासते. मी केलं, मीच पुसते. मला काय ठाऊक, वरून एवढं बारीक दिसतं!

कप्तान : मी ब्रश आणतो, तिघं मिळून... थांबा. भोंगा. भोंगा वाजतोय! तळघरात चला! काका, ती बाटली राहू द्या!

ओनिसिम : बाटलीला एकटं सोडू? एवढा निर्दयी नाही मी.

(तळघर. बटाट्यांची पोती, लोणच्याच्या बरण्या. दोन प्रचंड धमाके होऊन गेलेत. छतावरची माती अजून गळते आहे.)

मोत्र्या : कुठे पडलं? ओढ्यात पडलं का रे? सांग ना!

कप्तान : मावशी, एक मिनिट, फोन लागलाय... हं, बोल. ...काय? परत सांग. ...चारही? ...हो, हो, ऐकतोय.

मोत्र्या : देवा, देवा...

कप्तान : ओढा जसाच्या तसा आहे, मावशी! एक फांदी हलली नाही! काका, गेल्या! तुमच्या चारही तोफा गेल्या!

ओनिसिम : म्हाताऱ्याची चेष्टा करू नये.

कप्तान : समुद्रातून, जहाजावरून डागली. दोन क्षेपणास्त्रं!

ओनिसिम : रोमान्कोवर पडलं त्यापेक्षा मोठी?

कप्तान : त्याच्यावर साधे गोळे पडले होते. ही एकेक गाडीएवढी!

ओनिसिम : मोत्र्या, ऐकलंस? घराएवढी! दोन मजली घराएवढी!

मोत्र्या : ऐकलं. पण एवढे दिवस ढुंकून बघितलं नाही, आणि आजच का?

कप्तान : थांबा, त्यांच्या बातम्यांत आलंसुद्धा. 'युक्रेनचा तोफखाना उद्ध्वस्त. पाहणीला आलेला जनरल ठार.'

ओनिसिम : आपला जनरल? अरेरे! कोण होता बिचारा?

कप्तान : कोणी नव्हता, काका! शेतात चिटपाखरू नव्हतं! ...अरे देवा. चुना. मावशी, तुमचा चुना!

मोत्र्या : पुन्हा चुना? आता तर जळून गेला ना तो?

कप्तान : त्यांच्या फौजेत मोठा साहेब पाहणीला येणार म्हटलं की पहिलं काम काय? दगड पांढरे, बुंधे पांढरे, चाकांच्या कडा पांढऱ्या! फोटो बघणाऱ्याने बघितलं असेल आणि खुर्चीतून उठून सलाम ठोकला असेल. नुसत्या तोफांसाठी त्यांनी एवढी महागडी क्षेपणास्त्रं खर्चली नसती. जनरलसाठी खर्चली!

ओनिसिम : खरंय! सोव्हिएत काळात मीही होतो की त्या फौजेत. सैबेरियात जनरल येणार होता, तर आम्ही अख्खी रात्र जागून बर्फाला चुना दिला होता.

मोत्र्या : बर्फाला?

ओनिसिम : मळकट वाटत होता साहेबाला.

कप्तान : मावशी, मोठ्या मोठ्या अधिकाऱ्यांनी डोकी खाजवली, जाळी बदलली, तोफा हलवल्या. आणि तुम्ही एका बादलीत त्यांच्या उपग्रहाला गुंडाळलंत!

ओनिसिम : काढ ते पेले! पहिला पेला माझ्या जनरलच्या नावाने. उंचापुरा होता, मिशा अशा. माझ्या तोफेवरून हात फिरवून म्हणाला, 'ओनिसिम, सुतार असावा तर असा.' आणि त्याच क्षणी...

मोत्र्या : पी आणि गप बस. कप्तान, ओढ्यातल्यांचं आता काय?

कप्तान : आता तिकडे कोण शोधतंय? त्यांच्या लेखी इथे तोफच उरली नाही. अंधार पडला की सगळी तुकडी नदीपार, दाट पाइनच्या जंगलात. तिथे बारा महिने सावली... घ्या, तुमच्यासाठी फोन आहे. मुद्दाम जोडून दिलाय.

मोत्र्या : लेव्को? ...हो रे, आम्ही ठीक आहोत. ...आवाज? काही नाही, तुझ्या बापाची लाकडं जळली. ...रडत नाहीये. तू जेवलास का?